नंबराप्रमाणेच आत सोडले जाईल

'डॉक्टर देवमाणूस आहेत, पण बाहेर बसलेली बाई फार उद्धट आहे. एक स्टार.'

ही बाहेर बसलेली बाई म्हणजे मी. भांडुप पश्चिमेला, बाजार संपून टेकडीचा चढ सुरू होतो तिथे आमचा दवाखाना आहे. आत डॉ. प्रभुदेसाई बसतात आणि बाहेरच्या काउंटरमागे मी, सुलभा, गेली बावीस वर्षं. डॉक्टरांची मुलगी मृण्मयी आता स्वतः डॉक्टर झालीय आणि संध्याकाळचे पेशंट तीच बघते. दुपारच्या चहाला ती मोबाइल उघडते आणि लोकांनी नेटवर आमच्याबद्दल काय काय लिहिलंय ते वाचून दाखवते. "मावशी, आज तुम्हाला अजून एक स्टार मिळाला हं," असं ती अगदी गंभीर चेहऱ्याने सांगते. पाचपैकी एक, हे सांगायचं मुद्दाम टाळते.

मला त्याचं वाईट वाटायचं नाही. खरं सांगते, थोडा अभिमानच वाटायचा. उद्धट म्हणजे काय, तर मध्ये घुसू दिलं नाही. एक स्टार देणाऱ्यांची यादी काढली तर त्यात दोन वकील, एक बिल्डर, एका नगरसेवकाची सासू आणि माझा सख्खा दीर निघेल. सगळ्यांना मी एकच वाक्य ऐकवलंय, "नंबर आला की हाक मारीन." दीर अजूनही गणपतीला घरी आला की तो विषय काढतो.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटतं, खुर्चीत बसून नावं पुकारायची, त्यात काय मोठंसं? तर सांगते. केसपेपर शोधायचा, नंबराचा बिल्ला द्यायचा, फोन घ्यायचा, डॉक्टरांचं अक्षर पेशंटला समजावून सांगायचं, औषध कंपन्यांच्या टायवाल्या मुलांना दाराबाहेर थोपवायचं, कुणाच्या तरी पोराला उलटी येतेय हे त्याच्या आईच्या आधी ओळखून बादली पुढे करायची. आणि हे सगळं करता करता समोरचा माणूस नेमका किती आजारी आहे याचा अंदाज घ्यायचा. हे सगळ्यांत कठीण, कारण आजाराची भाषा प्रत्येकाची वेगळी. कुणाला 'कणकण' असते, कुणाचं 'अंग मोडून आलेलं' असतं. 'कसंतरीच होतंय' असं कुणी म्हणालं की त्यात गॅसपासून गोड बातमीपर्यंत काहीही असू शकतं. पवईच्या ऑफिसात काम करणारा एक मुलगा तर मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "मॅडम, बघा ना, हार्ट रेट एकशे दहा!" मी म्हटलं, "अरे राजा, स्टेशनपासून चढ चढत आलास ना तू? पाच मिनिटं बस." पाच मिनिटांनी त्याचं घड्याळही शांत झालं आणि तोही. डॉक्टरांना न भेटताच परत गेला. जाताना मात्र थँक्यू म्हणाला.

नंबराची आमची पद्धत जुनी आहे. मी शटर उघडते साडेनऊला, पण लोक यायला लागतात आठपासून. उभं कोण राहणार? म्हणून प्रत्येक जण आपली एखादी वस्तू पायरीवर रांगेत ठेवतो आणि घरी जाऊन अंघोळ-नाश्ता उरकून येतो. पिशवी, पाण्याची बाटली, छत्री, हेल्मेट, रिकामी दुधाची किटली. एक आजी तर नारळाची करवंटी ठेवायच्या, म्हणजे कुणी उचलून नेण्याची भीती नको. मी आले की पायरीवरून वस्तू बघत बघत आत जाते आणि त्याच क्रमाने बिल्ले वाटते. बाहेरून येणाऱ्याला हा भंगाराचा धंदा वाटतो, पण त्या रांगेतली एक वस्तू कुणी इंचभर सरकवली तरी भांडुपमध्ये दंगल होऊ शकते.

माझ्याकडूनही घोटाळे झालेत. एकदा मी चार नंबरचा बिल्ला एका निळ्या पिशवीला दिला आणि "चार नंबर, चार नंबर" असं ओरडून घसा बसवून घेतला. शेवटी कळलं की ती पिशवी शेजारच्या टेलरची. बिचारा कुलूप उघडताना खाली ठेवून विसरला होता. त्यात कुणाच्या तरी मुंजीचे ब्लाउज होते. दुसऱ्यांदा दोन बायका एकाच साडीच्या दुकानाच्या दोन सारख्या पिशव्या घेऊन आल्या, आणि पहिली पिशवी कुणाची यावरून असं जुंपलं, की ज्या बाईला चक्कर येत होती तिची चक्करच गेली. मी दोघींना म्हटलं, "पिशवीत काय आहे ते सांगा." एकीने सांगितलं, 'मेथी.' दुसरीनेही सांगितलं, 'मेथी.' आणि दोन्ही पिशव्यांत मेथीच निघाली. शेवटी मी नाणं उडवलं.

पण सगळ्यांत अवघड जात म्हणजे 'फक्त रिपोर्ट दाखवायचाय' वाल्यांची. त्यांचे पुढारी मुलुंडचे मेहताभाई. पूर्वी भांडुपला राहायचे, आता मुलुंडला मोठा फ्लॅट घेतला, पण डॉक्टर आमचेच हवेत. गाडी घेऊन येतात, कागद हलवत काउंटरपाशी उभे राहतात आणि म्हणतात, "सुलभाबेन, एक मिनिट. फक्त रिपोर्ट." सुरुवातीला मी सोडायची. मेहताभाई एक मिनिटासाठी आत गेले की साखर दाखवायची, मग गुडघा, मग बायकोचा खोकला फोनवर ऐकवायचा, मग पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते ती हकिगत. बाहेर बसलेले लोक माझ्याकडे असे बघायचे की मीच मेहताभाईंची बहीण आहे. तेव्हापासून मी भिंतीवर स्वतःच्या हाताने बोर्ड लिहून लावला, 'रिपोर्ट असो वा काहीही असो, नंबराप्रमाणेच आत सोडले जाईल.' अपवाद तीनच. रक्त वाहत असेल तर, फिट आली असेल तर आणि दम लागून श्वास घेता येत नसेल तर. बाकी नंबर. डॉक्टरसुद्धा त्यात पडत नसत. एकदा त्यांच्या सख्ख्या मावसभावाला मी बारा नंबर दिला, तेव्हा ते आतून फक्त हसले.

सांगायचं हे की माझा नियम चोख होता. माणसं शिव्या घालायची, पण गरीब माणूस माझ्यावर खूश असायचा, कारण बिल्डरच्या आधी त्याचा नंबर लागायचा आणि खरंच लागायचा. मला त्याची घमेंड होती हे आता कबूल करते.

परब काका माझ्या आवडत्या पेशंटांपैकी. मूळचे मालवणकडचे, तारुण्य गिरणीत गेलं. गिरणी बंद झाल्यावर वीस वर्षं एका सोसायटीत वॉचमनकी केली. मीही देवगडची, त्यामुळे माझ्याशी ते मालवणीतच बोलायचे. घर टेकडीवर, रस्ता संपल्यावर वर नव्वदेक पायऱ्या. चाळीस वर्षं त्या पायऱ्या दिवसातून दोनदा चढले, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! "लिफ्टवाल्यांका बीपी असता, आमका पायऱ्यो असत," असं म्हणायचे.

त्यांना मी एकदा सगळ्यांदेखत बोलले होते. त्या दिवशी काकींना गरगरत होतं आणि काका त्यांचा हात धरून थेट आतल्या दाराकडे निघाले. मी उठले आणि म्हटलं, "काका, वय झालं म्हणून नियम वेगळा होत नाही. तुम्ही वॉचमन होतात ना? तुम्हीच असं केलंत तर बाकीच्यांनी काय करायचं?" बसलेले लोक हसले. काका ओशाळले, काकींना घेऊन बाकावर जाऊन बसले आणि त्यांचा नंबर येईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढला नाही. काकींचं तेव्हा काही बिघडलं नाही, नुसतं पित्त होतं. माझ्या दृष्टीने विषय संपला. त्यांच्या दृष्टीने संपला नव्हता, हे मला दोन वर्षांनी कळलं.

तो शनिवार होता. शनिवारी आमच्याकडे जत्रा असते. परब काका एकटेच आले. त्यांच्या छत्रीला सत्तावीस नंबर मिळाला. केसपेपर काढताना मी नेहमीसारखं विचारलं, "काय होतंय काका?"

"जरा पित्त झालाहा," ते म्हणाले.

मी पेन्सिलीने कागदाच्या कोपऱ्यात 'पित्त' लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. मधे एकदा फोन सारखा वाजत होता, एक बाई लसीकरणाची तारीख विचारत होती, मेहताभाई काउंटरवर कोपर टेकून 'फक्त रिपोर्ट' म्हणत होते आणि मी त्यांना बोर्ड दाखवत होते. वीस नंबर आत होता. तेवढ्यात काउंटरपाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. बाजूला टेकवलेला हात मला दिसला, मनगटावर लाल दोरा. परब काकांचा हात. मी मान वर न करता म्हटलं, "काका, अजून सहा जण आहेत."

हात दोन क्षण तिथे होता. मग निघून गेला.

पुढच्या अर्ध्या तासात मी सहा जणांना आत सोडलं. एकाला सर्दी, चौघांना नुसतं सर्टिफिकेट हवं होतं, एक जण जुन्या खरजेचं मलम बदलून घ्यायला आला होता. हे मला आजही क्रमाने पाठ आहे. मग मी हाक मारली, "सत्तावीस! परब!"

"इलंय," कोपऱ्यातून आवाज आला. पण आलं कुणीच नाही. पुन्हा हाक मारली. काकांनी हात वर केला आणि तो तसाच खाली पडला. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा राखेसारखा.

पुढचं सगळं फार झटपट झालं. डॉक्टर धावत बाहेर आले. मृण्मयी सुदैवाने त्या सकाळी आली होती, तिने गोळी चावायला दिली आणि तिथेच बाकावर ईसीजी काढला. पट्टी बघून डॉक्टरांनी फक्त माझ्याकडे बघितलं. ॲम्ब्युलन्स अडकली होती, पंधरा-वीस मिनिटं लागतील म्हणाले. तेव्हा मेहताभाई म्हणाले, "माझी गाडी दारात आहे. चला ने!" दोघा-तिघांनी काकांना उचलून गाडीत ठेवलं, मृण्मयी मागे बसली, आणि मेहताभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा रिपोर्ट न दाखवता दवाखाना सोडला. त्यांची फाइल माझ्या काउंटरवरच राहिली.

काका वाचले. हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. पण पूर्ण वाचले असं म्हणता येत नाही. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांशी आमच्या डॉक्टरांचं बोलणं झालं होतं. ते मला काही सांगत नव्हते, म्हणून मीच विचारलं. "सुलभाबाई, तासभर आधी पोहोचले असते तर हृदयाला इजा कमी झाली असती," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. मी घरी जाऊन खूप रडले. नवऱ्याने समजूत घातली, "अगं, त्यांनीच पित्त सांगितलं ना? तुला काय स्वप्न पडणार होतं?" खरं होतं त्याचं. पण माझं काम काय होतं मग बावीस वर्षं? ज्याला सांगता येत नाही त्याचं ओळखायचं, हेच ना? पवईच्या मुलाचं घड्याळ मी बरोब्बर ओळखलं, आणि माझ्या गावाकडच्या माणसाचा हात मला ओळखता आला नाही.

चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले. काकी बाहेर गेल्या होत्या. काका उशीला टेकून बसले होते, नाकात नळी. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "माझ्यामुळा बाकीच्यांचे नंबर रखडले, नाय?"

मी म्हटलं, "काका, तुम्ही काउंटरपाशी आला होतात. तेव्हा काय सांगायचं होतं?"

"काय नाय गो. पाणी मागूक इल्लंय. घसो सुकलो हुतो. तू कामात दिसलंस, म्हणान परत जावन बसलंय."

"छातीत दुखत होतं ना? ओरडायचं तरी!"

ते हसले. नळीमुळे ते हसणं धड हसणंही झालं नाही. "सगळ्यांदेखत पुन्हा बोलणी खाऊची ह्या वयात? त्यापेक्षा बसलंय गप."

मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "अगो, खुळी की काय तू," आणि मला संत्र्याची फोड दिली.

त्यानंतर ते टेकडीवरच्या घरी गेलेच नाहीत. नव्वद पायऱ्या आता चढायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. मुलाने बदलापूरला लिफ्टची जागा बघितली आणि दोघांना तिकडे नेलं. चाळीस वर्षांचं बिऱ्हाड एका टेम्पोत खाली आलं तेव्हा तो टेम्पो आमच्या दवाखान्यावरूनच गेला. काकी पुढे बसल्या होत्या. त्यांनी मला बघून हात केला. मीही केला.

दवाखान्यात कुणी मला काहीच बोललं नाही. मृण्मयीने फक्त एकदा सुचवलं की आपण ॲप घेऊया, पेशंट घरूनच त्रास लिहितील. घेऊ, मी म्हटलं. पण परब काकांनी ॲपमध्येसुद्धा पित्तच लिहिलं असतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मी हॉस्पिटलातून आल्यानंतरचा सोमवार. पायरीवर चौतीस वस्तूंची रांग. बिल्ले वाटून झाले, लोक बाकांवर, पायरीवर, बाहेर रिक्षांच्या सावलीत बसले. एक नंबर आत गेला. मी फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवला आणि काउंटरच्या बाहेर आले. दवाखाना चालू असताना मी त्या बाजूला क्वचितच येते, त्यामुळे सगळे गप्प झाले. कुणाला तरी झापणार, असंच त्यांना वाटलं.

मी म्हटलं, "हे बघा, कुणाला आत्ता जास्त त्रास होतोय का? दुखतंय, घाम येतोय, काहीही. असेल त्याने हात वर करा. नंबर कितीही असू दे."

लोक एकमेकांकडे बघू लागले. रांगेत बसलेल्या मेहताभाईंचा हात सवयीने अर्धा वर आला, मग त्यांनी स्वतःच तो खाली घेतला. मी बाकांवरून एकेक चेहरा बघत गेले, सावकाश, केसपेपर नाही, चेहरा. शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून एक मुलगी बसली होती, असेल एकोणीस-वीस वर्षांची. तिने ओढणी पोटाशी गच्च धरली होती. आमची नजरानजर झाली तेव्हा तिने हात खांद्याएवढा वर केला, शाळेत लघवीला जायला विचारतात तसा.

बिल्ला एकोणतीस. पोटात उजव्या बाजूला दुखत होतं, पहाटेपासून. तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. मी तिला धरून दाराकडे न्यायला लागले. मधे बसलेल्यांनी पाय आखडून वाट दिली. एक आजोबा तर उठूनच उभे राहिले.

"अगं, मग बिल्ला घेताना बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"सगळेच बसलेत ना, मावशी," ती म्हणाली. "मला वाटलं, सगळ्यांनाच एवढं दुखत असेल."

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि लगेच हॉस्पिटलची चिठ्ठी लिहायला घेतली. अपेंडिक्स होतं. मी बाहेर आले. बत्तीस माणसं बसली होती, त्यातली सत्तावीस तिच्या आधीच्या नंबरची, आणि एकाच्याही तोंडून 'आमचा नंबर' असं निघालं नाही. एका बाईने विचारलं, "बरी आहे ना पोरगी?"

बावीस वर्षं मला वाटत होतं की ही माणसं माझ्या धाकामुळे रांगेत बसतात, आणि मी जरा सैल सोडलं तर एकमेकांना तुडवून आत जातील. त्या सकाळी मला शनिवारचे ते सहा जण आठवले, सर्दीवाला, सर्टिफिकेटवाले, मलमवाला. यांच्यापैकी कुणालाही मी विचारलं असतं, 'काकांना आधी सोडू का?' तर कुणी नाही म्हटलं नसतं. मी विचारलंच नाही.